कारणाचा रकाना

आमचे वडील शिक्षक होते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात इंग्रजी वाचता येणारं घर म्हणून पेन्शनर लोक आमच्याकडे पत्रं घेऊन येत. साताऱ्याच्या त्या पट्ट्यात घरटी एक तरी माणूस पलटणीत गेलेला असायचा. जवळच्याच अपशिंग्याच्या नावापुढे तर 'मिलिटरी' असंच लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाने ४६ माणसं गमावली. तेव्हा पत्र खाकी पाकिटातलं असलं की ते रेकॉर्ड ऑफिसकडून आलंय, हे आम्हा पोरांनाही कळायचं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका संध्याकाळी एक माणूस आला. वय पस्तिशीच्या आसपास, अकरा वर्षं नोकरी करून बोर्डात निघालेला, म्हणजे वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवून घरी पाठवलेला. ओसरीवर बसला, पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, "गुरुजी, ह्यात काय लिवलंय ते समदं सांगा. गाळू नका." वडिलांनी वाचलं. विकलांगता निवृत्तिवेतनाची मागणी नामंजूर झाली होती. आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असं वैद्यकीय मंडळाचं मत होतं. पुढे एक शब्द होता, त्याच्यापाशी वडील अडखळले. त्या ठिकाणी त्याचा अर्थ होता, आजार माणसाच्या मूळ घडणीतच आहे. त्यांनी तसा तो सांगितला. माणूस बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजी आमच्या घराण्यातच हाय, असं म्हणायचंय का त्यास्नी?"

त्याचा आजार मनाचा होता. पैशाची नड तर होतीच, पण त्या संध्याकाळी तो पैशाबद्दल एक अक्षर बोलला नाही. घरात लग्नाची बहीण होती. लष्करातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेला शब्द गावात पोचला की त्याचं काय होतं, सोयरीक जुळवणारी माणसं तो कसा उच्चारतात, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. लढाईत बोट तुटलेला जवान गावात मानाने फिरतो. मन मोडून आलेल्याच्या कागदावर 'हे मूळचंच' असं लिहिलं, की तो ठपका त्याच्या अख्ख्या घरावर बसतो.

सैन्यातून काढून टाकणं आणि का काढलं ते लिहिणं, हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिल्याबद्दल माझं फारसं भांडण नाही. तोफेजवळ, उंच पहाडावर, बंदूक हातात घेऊन पहाऱ्यावर कोणाला उभं करायचं हे ठरवण्याचा अधिकार सैन्याला असायलाच हवा. ज्याला फेफरं येतं त्याला संत्रीच्या ड्यूटीवर ठेवू नये, हे कोणालाही पटेल. पण 'तू आता चालणार नाहीस' आणि 'तू असा का झालास, याच्याशी आमचा संबंध नाही' ही दोन वाक्यं एका सहीने, एकाच बैठकीत, एकाच पक्षाने लिहावीत, हे मला मान्य नाही. पहिलं वाक्य सैन्याच्या गरजेतून येतं. दुसरं वाक्य लिहिल्याने सरकारचा खर्च वाचतो. ज्याचा खर्च वाचणार, त्यानेच कारण लिहायचं असेल, तर ते सिद्ध करण्याचं ओझंही त्याच्याच खांद्यावर पाहिजे.

कारणाचा हा रकाना केवढा जड आहे ते बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. जवान घरी येतो तेव्हा त्याच्याजवळ डिस्चार्ज बुक असतं. त्यात सेवेचा काळ, वर्तणुकीचा शेरा आणि सेवामुक्तीचं कारण लिहिलेलं असतं. जवानाला साध्या सेवेचं निवृत्तिवेतन मिळायला १५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी बाहेर पडलेल्याचं पुढचं आयुष्य या कारणावर उभं राहतं. आजार सेवेशी जोडलेला असेल आणि विकलांगता २० टक्के किंवा अधिक असेल, तर विकलांगता निवृत्तिवेतन मिळतं. तसं नसेल तर ते दार बंद होतं. कोणतंच निवृत्तिवेतन नसेल, तर माजी सैनिकांची आरोग्य योजनाही नाही. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता असं कारण पडलं असेल, तर केंद्राच्या नोकऱ्यांतल्या राखीव जागांसाठी माणूस 'माजी सैनिक' या व्याख्येतही बसत नाही. म्हणजे अकरा-बारा वर्षं वर्दीत काढलेला माणूस कागदोपत्री सैनिक होता की नाही, तेही हा रकाना ठरवतो.

आता डॉक्टरांकडे येऊ. लष्करी डॉक्टरांबद्दल मला आदर आहे, आणि त्यातल्या अनेकांनी जवानांसाठी जीव ओतून काम केलं आहे. पण डॉक्टरला काय कळू शकतं आणि काय नाही, याला मर्यादा आहेत. समोरच्या माणसाला कोणता आजार आहे हे डॉक्टर सांगू शकतो. तो किती बळावला आहे, तेही सांगू शकतो. पण हा माणूस सैन्यात न जाता गावीच ऊस लावत राहिला असता, तर त्याला हा आजार झाला असता का? या प्रश्नाला तपासणीतून उत्तर मिळत नाही. तरीही वैद्यकीय मंडळाच्या नमुन्यात नेमकं तेच विचारलेलं असतं, आणि मंडळ त्यापुढे एक ओळ लिहून मोकळं होतं. त्या ओळीखाली डॉक्टरची सही असते, म्हणून ती वैद्यकीय निष्कर्षासारखी दिसते. प्रत्यक्षात आजाराची जबाबदारी कोणाची, हे ठरवणारा तो प्रशासकीय निवाडा असतो.

सर्वोच्च न्यायालयाने हा फरक २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंह यांच्या प्रकरणात स्पष्टपणे मांडला. धरमवीर सिंह १५ जून १९८५ रोजी सिग्नल्स कोअरमध्ये भरती झाले आणि १ एप्रिल १९९४ रोजी अपस्मारामुळे बाहेर काढले गेले. विकलांगता २० टक्के, कायमची. मंडळाचं मत नेहमीचंच : सेवेशी संबंध नाही. न्यायालयाने सरकारचेच १९८२ चे नियम पुढे ठेवले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा निरोगी होता असं मानायचं. पुढे प्रकृती ढासळली, तर ती सेवेमुळे ढासळली असं गृहीत धरायचं. जवानाकडे पुरावा मागायचा नाही. रास्त शंकेचा फायदा त्याला द्यायचा. आणि हा आजार भरतीच्या वेळी ओळखूच आला नसता असं मंडळाला म्हणायचं असेल, तर त्याची कारणं लिहायची. धरमवीर सिंह यांच्या कागदात कारणं नव्हती. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सेवामुक्तीपासून निकालापर्यंत १९ वर्षं गेली होती.

या तर्कात कोणालाही समजेल असा साधा न्याय आहे. भरतीच्या मैदानावर मुलाला पळवतात, छाती मोजतात, डोळे-कान-दात तपासतात, पायाचे तळवे सपाट आहेत का ते पाहतात. जरा कमी असेल तर परत पाठवतात. माझ्या पिढीतली कितीतरी मुलं गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून परत आलेली मी पाहिली आहेत. ज्याला घेतलं त्याच्या कागदावर 'फिट' असा शिक्का सैन्यानेच मारला. मग नऊ वर्षांनी, अकरा वर्षांनी 'हा आधीपासूनच असा होता' असं म्हणायचं असेल, तर आपलाच पहिला शिक्का खोटा का होता ते आधी सांगायला हवं. शेतकरी बैल बाजारात दात बघून विकत घेतो. दहा वर्षं नांगराला जुंपल्यावर बैल लंगडला, तर विकणाऱ्याच्या दारात जाऊन तो जन्मजात लंगडा होता असं कोणी म्हणत नाही.

त्यानंतर २०१५ मध्ये राजबीर सिंह यांच्या खटल्यात हीच तत्त्वं पुन्हा सांगितली गेली. २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियामुळे बाहेर काढलेल्या एका जवानाच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की कारणं न देता लिहिलेल्या मतावर निवृत्तिवेतन नाकारता येत नाही. एकच गोष्ट १२ वर्षांत पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण ज्या कचेऱ्यांत ती ओळ लिहिली जाते तिथपर्यंत निकाल पोचतच नाही. उलट नियमच बदलत गेले. २००८ च्या नियमावलीने जुनं गृहीतक आधीच पातळ केलं होतं, आणि २०२३ च्या नियमावलीने ते आणखी अरुंद केलं. निकालाने दिलेलं नियमाने काढून घ्यायचं, ही सरकारची जुनी सवय आहे, आणि ती सैनिकांच्या बाबतीत वापरली जाते याचा मला राग येतो.

नियमांच्या तपशिलात शिरलं की माणसाचं शरीर कसं कल्पिलं आहे ते दिसतं. हृदयविकाराच्या बाबतीत मंडळाला आजार उद्भवण्याआधीच्या १४ दिवसांतल्या कामाचा तपशील पाहायला सांगितलं आहे. जणू हृदयाला त्याआधीचं काहीच आठवत नाही. आधीची तीन वर्षं काश्मिरात रात्ररात्र गस्त घालण्यात गेली आणि शेवटचे १४ दिवस क्वार्टर-मास्टरच्या भांडारात, तर मोजायचं कोणतं? तसाच 'शांत ठिकाणी नेमणूक असताना आजार उद्भवला' हा शेरा. आजार दिसतो तो दिवस आणि आजार जडतो तो काळ, यांत वर्षांचं अंतर असू शकतं, हे डॉक्टरांना सांगायला नको. आणि शांत ठिकाण म्हणजे तरी काय? तिथेही सकाळची पीटी असते, रात्रीचा पहारा असतो, घर हजार मैलांवर असतं आणि आईच्या आजारपणाचा निरोप आला तरी रजेची मंजुरी यायची असते.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मी टाळणार नाही. विकलांगता निवृत्तिवेतनाचा काही जण गैरफायदा घेतात, असं सैन्याच्या आतूनच बोललं जातं. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या पाहणीत हा लाभ घेऊन निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा बरंच जास्त आढळलं. रक्तदाब, मधुमेह हे आजार वयाबरोबर नागरी जीवनातही येतातच. पूर्ण सेवा करून, भरघोस निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडताना शेवटच्या वर्षात रक्तदाबाची नोंद करून घेणारा कोणी असेल, तर त्याला रोखायलाच हवं. पण तो आणि अकराव्या वर्षी विकलांगता निवृत्तिवेतनाशिवाय घरी पाठवलेला शिपाई, यांना एकाच चाळणीतून चाळायचं कशाला? पहिल्याकडे वकील असतो, ओळखीचे डॉक्टर असतात, कागद कसा लिहायचा ते त्याला कळतं. चाळणी बारीक केली की खाली पडतो तो दुसरा. गैरफायद्यावर उपाय हवा असेल तर पूर्ण सेवा करून निवृत्त होणाऱ्यांसाठी तपासणी कडक करा. ज्याची नोकरी आजारानेच संपवली, त्याच्यासाठी जुनं गृहीतक अभंग ठेवा.

आजाराइतकंच दुसरं एक कारण माणसाला उद्ध्वस्त करतं : 'सेवेची गरज उरली नाही'. १९५४ च्या आर्मी रूल्समधल्या नियम १३ खाली असं लिहून जवानाला सोडता येतं. बहुतेक वेळा त्यामागे लाल शाईच्या चार नोंदी असतात. रजा संपल्यावर उशिरा हजर झाला, वरिष्ठाला उलट बोलला, दारू प्यायला. ऑर्डरली रूममध्ये शिक्षा झाली, लाल शाईने नोंद पडली. अशा चार झाल्या की माणूस 'नकोसा' ठरतो. खरं तर सैन्याच्या मुख्यालयाच्या २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रातच लिहिलं आहे, की आधी चौकशी करावी, सेवेचा काळ विचारात घ्यावा, निवृत्तिवेतनाच्या जवळ आलेल्याचा वेगळा विचार व्हावा. पण युनिटमध्ये चारचा आकडा पुरेसा मानला जायचा. २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवलं. चार नोंदी झाल्या म्हणून सेवामुक्ती आपोआप होत नाही. चौकशी हवी, आणि त्या माणसाने किती वर्षं, किती खडतर ठिकाणी काढली तेही पाहायला हवं, असं सांगून त्यांची सेवामुक्ती रद्द केली. निवृत्तिवेतनापुरती सेवा पूर्ण झाली असं मानायला सांगितलं.

उशिरा हजर होण्याबद्दल थोडं बोलायला हवं. गावाकडे पेरणी असते, वाटणीचा वाद असतो, बायको बाळंत व्हायची असते. रजा वाढवून मागण्यासाठी पाठवलेला निरोप युनिटपर्यंत पोचतो की नाही, याची खात्री नसते. आठ दिवस उशीर झाला की शिक्षा. शिस्त म्हणून ती शिक्षा मी समजू शकतो. पण शिक्षा भोगून झाली होती. भोगून झालेल्या चार शिक्षांची बेरीज करून पाचवी, आणि सगळ्यांत मोठी शिक्षा द्यायची, आणि तिला शिक्षा न म्हणता 'गरज उरली नाही' म्हणायचं, यात कारण लपवलं जातं. आणि जे लपवलं आहे त्याच्याविरुद्ध अपील कशाचं करायचं?

उलट उदाहरण लेफ्टनंट सेलिना जॉन यांचं आहे. त्या लष्करी परिचर्या सेवेत होत्या. १९८८ मध्ये त्यांना सेवामुक्त केलं गेलं, आणि कारणांत 'विवाह' हे कारण सरळ लिहिलेलं होतं, कारण १९७७ च्या एका लष्करी आदेशात तसं कलमच होतं. ते कलम १९९५ मध्ये मागे घेतलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लग्नासाठी स्त्रीला नोकरीवरून काढणं हा उघड लिंगभेद ठरवला आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. न्यायाला ३५ वर्षांहून अधिक काळ लागला. तरी मला या प्रकरणात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कारण अन्यायाचं होतं, पण ते उघड लिहिलेलं होतं. उघड लिहिलेल्या अन्यायाकडे बोट दाखवता येतं. १९७९ च्या सुमारास जम्मूजवळच्या सांबा इथल्या हेरगिरी प्रकरणात अनेक अधिकाऱ्यांना आर्मी ॲक्टच्या कलम १८ खाली, म्हणजे राष्ट्रपतींची मर्जी असेतोवरच नोकरी या तत्त्वावर, काढलं गेलं. त्यात कारण सांगायची गरजच नव्हती. ते खटले तीन दशकांहून अधिक काळ न्यायालयांत फिरत राहिले, आणि त्या माणसांना आपल्याविरुद्ध नेमकं काय आहे तेच धड हाती लागलं नाही. म्हणून लेखी, स्पष्ट, तपासता येईल असं कारण मिळणं, हा सैनिकाचा पहिला हक्क मानायला हवा. भरपाई, निवृत्तिवेतन या त्यानंतरच्या गोष्टी.

महाराष्ट्राला हे नवं नाही. सरकारने लिहिलेल्या कारणाविरुद्धचं सर्वांत मोठं अपील इथल्याच माणसांनी केलं आहे. एका जवानाच्या नव्हे, एका अख्ख्या समाजाच्या कागदावर कारण लिहिलं गेलं होतं. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमा इथे जे महार शिपाई ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढले, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना १८९० च्या दशकात सैन्याची दारं बंद झाली. कारण लिहिलं होतं, ही लढाऊ जात नाही. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीला राहिलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध विनंतीपत्र तयार केलं. १९१० मध्ये जेजुरीला सभा भरवून शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. या अर्जांची भाषा नम्र आहे, पण मागणी तीच : आमच्याबद्दल लिहिलेलं कारण खोटं आहे, आमच्या सेवेच्या नोंदी बघा.

आणि पुढे काय झालं? १९१७ मध्ये युद्धाला माणसं कमी पडली, तेव्हा महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडली. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही आहे. पंचवीस वर्षांत तीच माणसं लढाऊ झाली, नालायक झाली, पुन्हा लढाऊ झाली. माणसांची घडण बदलली नव्हती, सरकारची गरज बदलली होती. 'मूळ घडणीतच दोष आहे' हे वाक्य एका जवानाच्या वैद्यकीय कागदावर असो की एका समाजाच्या भरतीबंदीवर, ते लिहिणाऱ्याच्या सोयीनेच लिहिलं जातं, असं मी म्हणतो ते यामुळेच.

अमेरिकेतही हेच घडलं. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांच्या काळात हजारो सैनिकांना 'व्यक्तिमत्त्वातला दोष' असं लिहून घरी पाठवलं गेलं. हा दोष भरतीच्या आधीचा मानला जात असल्याने त्यांना युद्धजन्य आजाराचे लाभ नाकारले गेले. पण तिथे एक सोय आहे, जी आपल्याकडे नाही. सेवामुक्तीच्या दाखल्यावर कारणाचा स्वतंत्र रकाना असतो, आणि पुन्हा नोकरी किंवा पैसे न मागता केवळ ते कारण बदलून मागण्यासाठी स्वतंत्र मंडळं आहेत. एका मंडळाकडे १५ वर्षांपर्यंत जाता येतं, दुसरं मंडळ न्यायासाठी मुदत माफ करू शकतं. २०१४ मध्ये तिथल्या संरक्षण मंत्र्यांनी या मंडळांना सांगितलं, की युद्धाने मनावर झालेल्या जखमेचा दावा असेल तर अर्ज उदारपणे तपासा. या व्यवस्थेतही विलंब आहे, नकार आहे. पण शब्द बदलून मागणं ही एक पूर्ण, स्वतंत्र मागणी असू शकते, एवढं तिने मान्य केलं आहे.

आपल्याकडे जवानाचा मार्ग असा. पहिलं अपील, मग दुसरं अपील, दोन्ही संरक्षण खात्याच्याच समित्यांकडे. नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते आलं आणि ऑगस्ट २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सुरू झालं. मुंबईत त्याचं पीठ आहे. ही मोठी सोय झाली, कारण त्याआधी साताऱ्याच्या माणसाला बहुधा उच्च न्यायालयातच जावं लागायचं. पण न्यायाधिकरणाने जवानाच्या बाजूने निकाल दिला की सरकार वरच्या न्यायालयात जातं. एकीकडे हात थरथरणारा पेन्शनर, दुसरीकडे भारत सरकार आणि त्याचे वकील. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ मध्ये खात्याचे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती, आणि विकलांग सैनिकांविरुद्धची अपिलं सरकारने चालवू नयेत असं त्या समितीचं म्हणणं होतं. गोव्याच्या त्या साध्या माणसाला हा प्रश्न दिसला होता. ते दिल्लीहून परतले आणि अपिलं चालूच राहिली.

उशीर झाला तर दोन गोष्टी घडतात. एक, तरसेम सिंह यांच्या २००८ च्या निकालानुसार हक्क मान्य झाला तरी थकबाकी साधारण अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. दोन, ज्यांना निवृत्तिवेतन नाही त्यांची कागदपत्रं रेकॉर्ड ऑफिस २५ वर्षांनी नष्ट करतं. या दुसऱ्या नियमाचा अर्थ नीट लक्षात घ्या. निवृत्तिवेतन मिळालेल्याचे कागद जपले जातात. चुकीच्या कारणाने ज्याला ते नाकारलं गेलं, त्याच्या बाजूचा पुरावा मात्र ठरल्या मुदतीने जाळला जातो. ज्याला अपिलाची गरज आहे, नेमका त्याचाच कागद जातो.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. बोर्डात निघणाऱ्या प्रत्येक जवानाला निघायच्या दिवशीच मंडळाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत त्याच्या हातात मिळावी. 'संबंध नाही' असं मत असेल तर त्याखाली कारण लिहिलेलं असावं, नसेल तर ते मत आपोआप जवानाच्या बाजूने धरावं. त्याला समजणाऱ्या भाषेत, मराठी जवानाला मराठीत, अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं ते सांगणारं एक पान त्यासोबत असावं. आणि नाकारलेल्यांचे कागद तो माणूस आणि त्याची बायको हयात असेपर्यंत जाळू नयेत. अग्निवीर योजनेतली मुलं चार वर्षांनी बाहेर पडणार, त्यांच्यातल्या बहुतेकांना निवृत्तिवेतन नाहीच. विकलांगतेची रक्कमही आजार सेवेशी जोडला गेला तरच. त्यांच्या हातात उरणार तो कागद, आणि त्यावरचा तो रकाना.

त्या संध्याकाळी वडिलांनी अपील लिहून दिलं होतं, त्यांच्या ठसठशीत शालेय इंग्रजीत. साधारण वर्षाने उत्तर आलं : मत कायम. मुंबईला जाऊन खटला लढण्याची ऐपत नव्हती, तो माणूस थांबला. बहिणीचं लग्न पुढे झालं, लांबच्या गावी, घाईने. वडील गेले. गेल्या दिवाळीत त्या माणसाचा मुलगा माझ्याकडे आला. काळी ट्रंक रिक्षातून आणली होती. मी त्याला तीन वर्षांच्या थकबाकीचा नियम समजावून सांगितला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "काका, मागचं पैसं जाऊ द्या. त्यो शब्द निघंल का?" त्याचे वडील बाहेर ओसरीवर बसले होते, आता सत्तरी ओलांडलेले. आम्ही ट्रंक उघडली. २५ वर्षांची मुदत केव्हाच उलटली आहे, तेव्हा रेकॉर्ड ऑफिसात काही शिल्लक असेल असं नाही. पण भरतीच्या दिवसाचा 'फिट' असा शेरा असलेला कागद वरच होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. त्याची छायाप्रत जोडून मंडळाच्या कार्यवाहीची मागणी आम्ही पोस्टाने पाठवली आहे.